उसनं वय

खोक्यावर एक हसरं कुटुंब होतं,
सोफ्यावर चौघं, चौघांचेही दात दिसणारे.
पणजीच्या दुकानदाराने खोकं थोपटून सांगितलं,
घरगुती आहे हो, लहान मुलांचंच.
मी सुलक्षाला फोन लावला.
ती म्हणाली, हप्ता किती?

पहिला महिनाभर त्यात गुबगुबीत प्राणी शेती करायचे,
गाजरं उपटायचे, एकमेकांच्या घरी जेवायला जायचे.
काजूचा हंगाम. मी कोळमीत बोंडू मळायचो,
मग रात्री उशिरापर्यंत भट्टीपाशी.
परतायचो तेव्हा दिव्येश पडद्यासमोर.
शांत.
पोर शांत आहे, याचं मला कोण कौतुक.

एका रात्री त्याने यंत्र पुढे केलं:
बाबा, जन्मतारीख टाका.
कशाला?
विचारतंय.
मी टाकली. माझीच, एकोणऐंशी सालची.
बोटांना बोंडूचा रस, काच चिकट झाली.
कोपऱ्यात अठराचा आकडा होता, बारीक,
औषधाच्या बाटलीवरच्या अक्षरांसारखा,
कुणी वाचू नये म्हणून छापलेला.
बाप म्हणून एवढंच केलं मी त्या हंगामात:
नऊ वर्षांच्या पोराला माझं वय उसनं दिलं.

माझ्याकडे एक बंदूक आहे. एकनळी. वडलांची.
बागायतीच्या राखणीसाठी, असं परवान्यात लिहिलंय.
निवडणूक लागली की वाळपईच्या ठाण्यात जमा करतो.
हवालदार नळीत डोळा घालून बघतो,
पावती देतो, दोनदा सही घेतो.
घरी असते तेव्हा कपाटात, कुलपात,
काडतुसं वेगळ्या डब्यात, डबा माळ्यावर,
किल्ली माझ्या करदोट्याला.
हात लावलास तर हात मोडीन,
हे दिव्येश चालायला लागल्यापासून ऐकतोय.

सध्या ती ठाण्यात आहे. कपाट रिकामं.
आणि बाहेरच्या खोलीत गोळीबार.

जाऊन त्याच्या बाजूला बसलो.
पडद्यावर एक माणूस गुडघ्यांवर आला, हात वर केले.
दिव्येशने अंगठा हलवला, तोंडात शेंगदाणे.
माणूस पडला. मग विरघळला, मिठासारखा.
कुठे गेला रे?
मेलेले नाहीसे होतात, बाबा.
ठेवले तर मशीन हळू चालतं.

मला एक डुक्कर आठवलं.
कागदावर मी हवेत गोळी झाडली होती.
कागदाबाहेर ते ओहळापर्यंत गेलं
आणि रात्रभर ओरडत राहिलं,
आणि मी घरात, कानांवर गोधडी घेऊन.
सकाळी चौघांनी ओढलं तरी हलेना.
नाहीसं ते अजून झालेलं नाही.
चौदा वर्षं झाली, ओहळाच्या त्या वळणावर
मी पाय उचलून टाकतो.
हे सुलक्षालाही ठाऊक नाही.

ह्यालाही कुलूप असतं म्हणे, आईबापांसाठी.
शेजारच्या मिनिनची मुलगी येऊन लावून गेली.
अंकल, चार आकडे सांगा. सोपे नकोत.
मी पोराचं जन्मसाल सांगितलं.
मला दुसरं कुठलं साल पाठ आहे?
त्याने पहिल्याच फटक्यात उघडलं.
सुलक्षा हसली. मग तिचं तिनेच हसू आवरलं
आणि माझ्याकडे बघत राहिली.

दुसरा रिमोट दे, मी म्हटलं.
तुम्हाला जमणार नाही.
नाहीच जमलं. चार मिनिटं भिंतीला धडका देत फिरलो,
मग त्यानेच माझ्या पाठीत घातली.
पडलो तो तोंड खाली,
एका हाताची बोटं उघडी.
माझी अशी पाठ मी कधी पाहिली नव्हती.
थांबा, परत याल. दहा मोजायचे फक्त.
तो मोजू लागला.
मी म्हटलं, दिव्या, बंद कर जरा.
एक गोष्ट सांगायची आहे. डुकराची.
सात, तो म्हणाला. आठ.